न मागतां मिळालेली सवलत

(शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या सभेंत केलेलें भाषण)

‘सवलत’ हा शब्द गांवच्या पारावर कोणीं उच्चारला, कीं ऐकणाऱ्यांची नजर ताबडतोब एका ठराविक वस्तीकडे वळते. सरकारनें कायदा करून, कागदावर लिहून ज्यांना कांहीं दिलें, तेवढेच लोक सवलतीचे धनी, असा आपला समज होऊन बसला आहे. आज मला आपणांपुढें दुसऱ्या एका सवलतीची हकीगत मांडावयाची आहे. ती कोणत्याही गॅझेटांत छापलेली नसते. तिच्यासाठीं अर्ज करावा लागत नाहीं, कीं दाखला काढावा लागत नाहीं. ती जन्माबरोबर येते. आणि ज्याला ती मिळते, त्यालाच ती दिसत नाहीं.

पाटाच्या पाण्याचें उदाहरण घ्या. चारीच्या तोंडाशीं ज्याचें शेत, त्याच्या पिकाला पाणी वेळेवर मिळतें. तो पहांटे उठतो, दारें धरतो, चिखल तुडवितो. त्याचे कष्ट खोटे नाहींत. पीक चांगलें आलें म्हणजे तो म्हणतो, ‘ही माझ्या मेहनतीची कमाई.’ चारीच्या शेवटीं ज्याचें शेत, तोही तितक्याच पहांटे उठतो. पण पाणी त्याच्यापर्यंत पोंचण्याआधींच आटतें. आपलें शेत चारीच्या कोणत्या टोंकाला आहे, हें शेवटच्या माणसाला रोज आठवतें. पहिल्या माणसाला तें जन्मांत एकदांही आठवावें लागत नाहीं.

ही गोष्ट नीट समजावी म्हणून मी आपणांस अमेरिकेच्या शेतांत घेऊन जाणार आहें. कोणी म्हणेल, गोऱ्या-काळ्यांच्या भेदाशीं आपला काय संबंध? संबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें काळ्या गुलामांना मोकळें करण्यासाठीं झटलेल्या अमेरिकेंतील लोकांना अर्पण केलें. पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाला समुद्रापलीकडील गुलामाचें दुःख आपल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचें सोयरें वाटलें. तेव्हां त्या गुलामांचें व त्यांच्या नातवंडांचें पुढें काय झालें, हें विचारणें आपलें कामच आहे.

झालें तें असें. १८६५ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेच्या राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी बंद झाली. सुमारें चाळीस लाख माणसें कायद्यानें मोकळीं झालीं. पण जी जमीन त्यांनीं पिढ्यान् पिढ्या कसली, ती धन्याचीच राहिली. त्याच वर्षाच्या जानेवारींत सेनापति शर्मन यांनीं हुकूम काढला होता, कीं दक्षिणेंतील समुद्रकांठची जमीन मुक्त झालेल्या प्रत्येक कुटुंबास चाळीस एकरांपर्यंत द्यावी. हजारों लोक तेथें वसलेही. एप्रिलांत अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. त्यांच्या जागीं आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनीं त्याच वर्षीं हुकूम फिरविला आणि जमीन जुन्या धन्यांच्या घशांत परत गेली.

आतां चारीच्या दुसऱ्या टोंकाकडे पाहा. १८६२ सालीं त्याच देशानें कायदा केला होता, कीं जो कोणी सरकारी पडीक जमिनीवर घर बांधून पांच वर्षें ती कसील, त्याला १६० एकर जमीन थोड्याशा फीवर मिळेल. या कायद्याखालीं पुढें सुमारें सत्तावीस कोटि एकर जमीन वांटली गेली. ती मूळच्या आदिवासी लोकांची होती आणि घेणारे बहुतेक गोरे होते. पुढें काळ्या माणसालाही कायद्यानें अर्ज करण्याची मोकळीक मिळाली. परंतु ज्याच्याजवळ बैल नाहीं, बियाणें नाहीं, वाटखर्चाला पैसा नाहीं, त्यानें शेंकडों कोस दूर जाऊन पांच वर्षें काय खाऊन जमीन फोडावी? अशा लोकांपैकीं बहुतेक जण जुन्याच धन्याच्या शेतावर वांट्यानें राबूं लागले. बियाणें धन्याचें, उधारीचें दुकान धन्याचें किंवा त्याच्या मित्राचें, हिशेबाची वही धन्याची. वर्षअखेर पिकाचा वांटा उधारींत जाई आणि बाकी डोक्यावर राही. हा खेळ आपणांस समजावून सांगावा लागत नाहीं. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवच्या बाजारांत आपल्याच शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कागदपत्रें जाळलीं, तीं याच जाचापायीं.

तरीही काळे लोक हरले नाहींत. एकेक डॉलर सांठवून त्यांनीं जमिनी विकत घेतल्या. १९२० सालीं त्या देशांत वांटेकरी धरून सुमारें सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते. १९९७ सालच्या शेतीच्या गणतींत ते एकोणीस हजारांहूनही कमी उरले. गोऱ्या शेतकऱ्यांची संख्याही या काळांत घटली, यंत्रें आलीं, लोक शहरांकडे गेले, हें सर्व खरें आहे. पण काळ्यांची शेती जशी धुऊन निघाली तशी गोऱ्यांची निघाली नाहीं. याचें एक मोठें कारण सरकारी कर्जाच्या खिडकींत सांपडतें.

अमेरिकेचें शेतीखातें शेतकऱ्यांना पेरणीसाठीं कर्ज देतें. कर्जाला कोण लायक, हें ठरविण्यांत तालुक्यासारख्या प्रत्येक विभागांत शेतकऱ्यांच्याच मतांनीं निवडलेल्या समितीचा हात असे. दक्षिणेंत या समितींत काळा सभासद क्वचितच दिसे. गोऱ्याचा अर्ज वेळेवर निकालांत निघे. काळ्याचा अर्ज पडून राही. कधीं नामंजूर होई, कधीं मागितल्यापेक्षां कमी मंजूर होई, आणि कधीं पैसा हातीं येई तो पेरणीची वेळ टळून गेल्यावर. तक्रार करावी, तर १९८३ सालीं तक्रारींची चौकशी करणारी शाखाच मोडण्यांत आली. तक्रारी तशाच सांठत राहिल्या. शेवटीं १९९७ सालीं काळ्या शेतकऱ्यांनीं सरकारवर दावा लावला आणि १९९९ सालीं तडजोड झाली. न्यायमूर्तींनीं आपल्या निकालपत्राचा आरंभच त्या चाळीस एकरांच्या मोडलेल्या वचनानें केला. पुढें शंभर कोटि डॉलरांहून अधिक भरपाई वांटली गेली. परंतु लिलावांत गेलेलें शेत भरपाईनें परत येत नाहीं.

आतां या सर्व काळांत शेजारच्या बांधावर उभ्या असलेल्या गोऱ्या शेतकऱ्याचा विचार करा. त्यानें कोणाला फसविलें नाहीं, कोणाला शिवी दिली नाहीं. तो सरळमार्गी, देवभोळा, कष्टाळू माणूस आहे. त्यानें अर्ज केला, कर्ज मिळालें, त्यानें पेरलें, पिकविलें, फेडलें. यांत ‘सवलत’ कसली मिळाली, असें तो विचारील. आणि तें खोटेंही बोलणार नाहीं. कारण वेळेवर मिळालेलें कर्ज त्याला सवलत वाटतच नाहीं. तें त्याला नेहमींचें, रीतीचें वाटतें. शेजाऱ्याचें शेत लिलावांत निघालें, तेव्हां त्याला एवढेंच वाटलें, कीं त्याला शेती जमली नाहीं. कदाचित् तें शेत त्यानेंच स्वस्तांत विकतही घेतलें असेल. रोजची सवलत ही अशी मुकी असते. तिला राक्षस लागत नाहीं, सज्जन माणसाचें न पाहणें तिला पुरतें.

कोणी म्हणेल, ‘मनांत असलें म्हणजे मनुष्य काय वाटेल तें करतो. कार्व्हर नाहीं कां वर आला?’ वीणा गवाणकर यांच्या १९८१ सालच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळें जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचें नांव आपल्या घराघरांत गेलें, ही चांगली गोष्ट झाली. गुलामाच्या पोटीं जन्मलेल्या या माणसानें १८९६ पासून टस्कीगीच्या शाळेंत राहून भुईमूग व रताळ्यांचे प्रयोग केले. पण हे प्रयोग त्यांनीं कोणासाठीं केले? कापसानें कस गेलेल्या दुसऱ्याच्या जमिनींत राबणाऱ्या काळ्या वांटेकऱ्यांसाठीं! कार्व्हर यांचा मोठेपणा सांगून त्या वांटेकऱ्यांना आळशी ठरविणें, म्हणजे दिव्याची स्तुति करून अंधार नाकारण्यासारखें आहे. एक मनुष्य भिंत चढून गेला, म्हणून भिंत नव्हतीच असें होत नाहीं.

दुसरा प्रश्न अधिक खरा आहे. गरीब गोऱ्याला सवलत कसली? तोही उपाशीच होता ना? या प्रश्नाचें उत्तर काळ्या लोकांचे थोर पंडित ड्यू बॉइस यांनीं १९३५ सालच्या आपल्या इतिहासग्रंथांत दिलें. दक्षिणेंतील गोरा मजूर व काळा मजूर, दोघांचेंही पोट खपाटीला गेलेलें; मग दोघे एक होऊन मालकाशीं कां झगडले नाहींत? ड्यू बॉइस यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, कीं गोऱ्या मजुराला पैशाची मजुरी थोडी मिळाली, तरी तिच्या जोडीला मानाची मजुरी मिळे. पोलीस त्याच्याच जातकुळीचा, कोर्टांत त्याच्या शब्दाला वजन, सार्वजनिक बागेंत त्याला मज्जाव नाहीं, त्याच्या मुलांना त्यांतल्या त्यांत बरी शाळा. या मानाच्या मजुरीवर तो समाधान मानून राहिला आणि मालकानें पैशाची मजुरी मात्र दोघांचीही बुडविली.

बंधुभगिनींनो, मानाची मजुरी हा शब्द घरीं नेण्यासारखा आहे. आपल्याकडील लोक त्या देशांत गेले, तेव्हां त्यांनीं या मजुरीविषयीं काय केलें, तेंही पाहा. भगतसिंग थिंड नांवाच्या पंजाबी गृहस्थानें अमेरिकेच्या फौजेंत नोकरी केली होती. त्या काळीं बाहेरून आलेल्यांपैकीं गोऱ्यांना व आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच तेथील नागरिक होतां येई. त्यानें कोर्टांत सांगितलें, मी उच्च जातीचा आर्य आहें, म्हणून मला गोऱ्यांत धरा. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तें नाकारलें. ज्या पंगतींत अन्याय वाढला जात होता, ती पंगत मोडा असें तो म्हणाला नाहीं. मलाही पाट द्या, एवढेंच म्हणाला. पुढें १९६४ व १९६५ सालीं काळ्या लोकांनीं मार खाऊन, तुरुंगांत जाऊन नागरी हक्कांचे कायदे मिळविले. त्याच लाटेंत १९६५ सालीं परदेशांतून येणाऱ्यांसाठींही दार उघडलें. त्या दारानें आपलीं हजारों मराठी मुलें तिकडे गेलीं. गोऱ्याची सवलत त्यांना पहिल्याच महिन्यांत दिसते. पण घरून बरोबर नेलेली स्वतःची सवलत वीस वर्षांतही दिसत नाहीं. तिकडेही जात पोंचली, म्हणूनच २०२३ सालच्या फेब्रुवारींत सिॲटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला.

आणि येथें राहिलेले आपण? भटजीनें आपणांस शूद्र म्हणून पायरीखालीं उभें केलें, शेटजीनें वहींत गुंडाळलें, हें आपण शंभरांवर वर्षें सांगत आलों आहों, आणि तें खरेंच आहे. पण ज्या गांवांत कुणबी, माळी, सुतार, लोहार, कुंभार यांना खालचें स्थान होतें, त्याच गांवांत त्यांच्याही खालीं कोणी होता, आणि तो खालीं आहे या समाधानाची मजुरी आपल्या घरांतही येत होती. डॉ. आंबेडकर यांनीं १९४६ सालीं ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेंतील काळ्यांच्या व येथील अस्पृश्यांच्या स्थितींतील साम्य बोलून दाखविलें होतें. त्यांना तें साम्य पुस्तकांतूनच कळलें असें नाहीं. १९२७ सालच्या मार्चांत महाडला चवदार तळ्याचें पाणी प्यालेल्या लोकांना ज्या जमावानें मारलें, तो स्पृश्यांचा जमाव होता. तो काय एकट्या भटजींचा होता? जोतीरावांनीं १८६८ सालींच आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. महाडच्या त्या दिवसाआधीं एकोणसाठ वर्षें हें उदाहरण आपल्यापुढें होतें.

तर ही मुकी सवलत ओळखावी कशी? ‘मला काय मिळालें?’ असें विचारून ती सांपडत नाहीं. कारण मिळालेलें सर्व आपणांस कष्टाचेंच वाटतें. ‘मला काय करावें लागलें नाहीं?’ असें विचारावें. १९८९ सालीं पेगी मॅकिंटॉश नांवाच्या अमेरिकन गोऱ्या विदुषीनें हेंच केलें. स्त्रियांना कमी मिळतें हें पुरुष मान्य करतात, पण आपल्याला जास्त मिळतें हें मान्य करीत नाहींत, असें त्यांना आढळलें. मग त्यांनीं तोच प्रश्न स्वतःच्या गोरेपणाला लावला आणि रोजच्या सव्वीस सोयींची यादी छापली. आपल्या मायबहिणींना यांत नवल वाटणार नाहीं. जेवून उठल्यावर ताट कोण उचलतें, हें घरांतल्या पुरुषाला कधीं आठवावें लागलें आहे काय?

तशीच यादी आपण करावी. घर भाड्यानें घेतांना मला आडनांव हळूं आवाजांत सांगावें लागलें नाहीं. माझ्या मुलाला शाळेंत पाणी वरून ओतून प्यावें लागलें नाहीं. लग्नाची वरात गांवांतून नेतांना मला पोलीस मागवावा लागला नाहीं. चहाच्या कपाकडे पाहून तो वेगळा ठेवलेला आहे कीं काय, असा संशय मला आला नाहीं. जो असें लिहील, त्याची यादी त्याच्या अपेक्षेपेक्षां लांब होईल.

आतां हें दुसऱ्याशीं बोलावें कसें? हें काम यादी करण्याहून कठीण आहे, कारण ऐकणाऱ्याला वाटतें, आपल्यावर चोरीचा आळ आला. म्हणून आरंभींच सांगावें, कीं आळ नाहीं. गाडी उतारावरून जावो कीं चढावरून, बैलाला घाम येतोच. उताराच्या बैलाचा घाम आम्ही नाकारीत नाहीं, फक्त उतार होता एवढें कबूल करा, असें म्हणावें. ‘आम्ही पण गरीबच’ असें कोणी म्हटलें तर, ‘खरें आहे’ असें म्हणावें आणि मानाच्या मजुरीची गोष्ट सांगावी. ‘जुनें कशाला उकरतां?’ असें म्हटलें, तर विचारावें, वाडवडिलांची जमीन जुनी म्हणून आपण सोडतों काय? वारसा घ्यावयाचा, तर त्याचा सातबारा पुरा वाचावा. त्यावरील बोजाही वाचावा.

दुसरें, हें बोलणें ज्यांनीं सोसलें त्यांच्या दारांत जाऊन करूं नये. त्यांना तें ठाऊक आहे. तेथें गेलात तर तोंड मिटून ऐकावें, आणि आपल्या चांगुलपणाची पावती मागूं नये. बोलावयाचें तें आपल्या पंगतींत, आपल्या पारावर, सोयरीक जमवितांना, जेथें ते हजर नसतात. कुचेष्टेचा एक शब्द निघाला आणि सगळे हसले, तर एकानें तरी हसूं नये. भांडण करावयास नको. ‘यांत हसण्यासारखें काय आहे तें मला समजावून सांगा’ एवढें म्हटलें तरी पुष्कळ होतें.

तिसरें, बोलण्यावर थांबूं नये. त्या अमेरिकन कर्जसमितींत बसलेल्या एखाद्या गोऱ्या शेतकऱ्यानें एवढेंच विचारलें असतें, कीं ‘आपल्या सर्वांचीं कर्जें निघालीं, मग अमक्याचा अर्ज अजून कां पडला आहे?’ तर एखादें शेत वांचलें असतें. आपल्यांतील कित्येक जण आज ग्रामपंचायतींत आहेत, विविध कार्यकारी सोसायटीच्या संचालक मंडळांत आहेत, पाणीवाटपाच्या समितींत आहेत, शाळेच्या समितींत आहेत. नळाची पाइपलाइन कोणत्या वस्तींत शेवटीं पोंचते? कोणाचा अर्ज पुढच्या सभेवर टाकला जातो? हे प्रश्न शेवटच्या माणसानें विचारले कीं तंटा म्हणतात. तेच चारीच्या तोंडाशीं बसलेल्यानें विचारले, तर उत्तर द्यावें लागतें. आपल्याला फुकट मिळालेल्या वजनाचा हाच सरळ उपयोग आहे.

आज रात्रीं जेवतांना प्रत्येक घरांत एकेकानें सांगावें, कीं मला जन्मांत काय करावें लागलें नाहीं. मुलांनाही सांगूं द्यावें, स्त्रियांना आधीं बोलूं द्यावें. जें निघेल तें वहींत लिहावें. आणि पुढच्या पाळीला चारीवर जाल तेव्हां, आपलें भिजलें म्हणून घरीं न परततां, पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोंचलें कीं नाहीं तें पाहून यावें.

सत्याचा विजय असो.